सोळाव्या मात्रेवरचा गोंग

जत्रेत दशावतार उभा राहिला की मी पखवाजवाल्याला खेटून बसायचो, ते पहाटे दहीकाला होईपर्यंत. आमचं गाव कुडाळ तालुक्यातलं. पिंगुळी सायकलवर जाण्याइतकी जवळ, त्यामुळे तिथल्या ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या लहानपणापासून बघितलेल्या. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी बाहुल्यांवर मिळेल ते वाचून काढलं. त्यातच कळलं की इंडोनेशियातल्या जावा बेटावरही पडद्याआड दिवा लावून चामड्याच्या बाहुल्या रात्रभर महाभारत सांगतात. त्याला म्हणतात वायांग कुलित, आणि साथीला गामेलान, म्हणजे काशाच्या वाद्यांचा अख्खा ताफा. रेकॉर्डिंग ऐकून मन भरेना.

संगीतात बी.ए. झाल्यावर इंडोनेशिया सरकारच्या दर्मासिस्वा शिष्यवृत्तीला अर्ज केला. ही १९७४ पासून चालू आहे. पदवी मिळत नाही. भाषा किंवा कला शिकायला मिळते, फी लागत नाही, दरमहा खर्चाला पैसे देतात. विमानभाडं मात्र आपलं आपण. शिफारसपत्र कॉलेजातून घेतलं, पण आमच्या भजनी मंडळाचंही एक पत्र जोडलं, कारण मला पखवाज खरा शिकवला तो मंडळाच्या बुवांनी.

पासपोर्टात अडकलो. शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. एका खिडकीवर सांगितलं आधार बदला, दुसरीवर सांगितलं दाखला बदला. यात दोन महिने गेले आणि ते दिवस फार वाईट होते. मुदत जवळ येत होती आणि रात्री झोप लागत नव्हती. तुमच्या घरात कुणी असा विचार करत असेल तर आधी सगळ्या कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

तिकिटाला आईने त्या मोसमातल्या काजूबियांचे पैसे काढून दिले. निघायच्या आदल्या दिवशी बुवांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी विचारलं, "रे, थंय पखवाज शिकवक चललंस?"

"नाय बुवानू, शिकाक चललंय."

सोलो, म्हणजे सुराकार्ता, हे जावातलं जुनं राजवाड्यांचं शहर. पोचल्यावर आधी इमिग्रेशनच्या कचेरीत बोटांचे ठसे, फोटो, राहण्याचा परवाना. ते पेशन्सने केलं की होतं. कला महाविद्यालयाच्या वादनाच्या खोलीत शिरताना चपला बाहेर. वाद्य ओलांडून जायचं नाही, वळसा घालायचा. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडेही पखवाजाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करतात.

मला वाटलं होतं केंडांग, म्हणजे त्यांचा आडवा ढोल, लगेच हातात येईल. सरांनी (तिथे सरांना 'पाक' म्हणतात, म्हणजे वडीलच) सारोनसमोर बसवलं. केंडांग सगळ्यांची लय सांभाळतो, म्हणून ज्याला सगळ्यांचं वादन माहीत त्यालाच तो मिळतो. सारोनवर काशाच्या पट्ट्या असतात. उजव्या हाताने हातोडी पुढच्या पट्टीवर मारायची, त्याच क्षणी डाव्या हाताच्या चिमटीने मागची पट्टी धरून तिचा आवाज मिटवायचा. धरायला उशीर झाला की दोन सूर एकमेकांत कालवतात. आठवडाभर माझी डावी चिमटी मागे पडत होती. "पेलान-पेलान", पाक म्हणायचे. हळूहळू.

मग एक दिवस मोठ्या गोंगाशी, म्हणजे टांगलेल्या काशाच्या मोठ्या थाळीशी, बसवलं. लांचारान नावाचा प्रकार चालू होता, सोळा मात्रांचा. मी पहिल्या मात्रेला टोला दिला. सगळे थांबले. पाकनी फळ्यावर चार-चार आकड्यांचे चार गट लिहिले आणि शेवटच्या आकड्याभोवती गोल काढला. गोंग सोळाव्यावर. आपल्याकडे सम पहिली मात्रा, तिथून मोजणी सुरू; त्यांच्याकडे सगळी वाटचाल गोंगाकडे. चारचा जोर पहिल्यावर नाही, चौथ्यावर.

माझ्या हाताला ते पटेना. खोलीवर जाऊन मांडीवर ठेका धरायचो आणि परत पहिल्यावरच पडायचो. वाट सापडली ती तिहाईमध्ये, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येण्यात. तिहाई वाजवताना आपणही समेकडेच निघालेले असतो, शेवटचा धा समेवर पडतो आणि तिथेच जीव शांत होतो. मी ठरवलं, सोळाही मात्रा म्हणजे एक लांब तिहाई. त्यानंतर गोंग चुकला नाही. हे उत्तर कुठल्याही शिकवणीत नव्हतं, बुवांनी हातात घातलेल्या बोलांत होतं, म्हणून मला ते मोलाचं वाटतं.

पहिला वायांग एका गावातल्या लग्नाघरी बघितला. बरेच लोक दलांगच्या, म्हणजे बाहुल्या नाचवणाऱ्याच्या, बाजूलाच बसले होते, जिथून वादकही दिसतात. भीम आला तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला कोपराने ढोसलं, बघ म्हणून. उजाडायला आलं तरी कुणी उठलं नव्हतं.

वर्षाने परतलो, बुवांकडे गेलो. सगळं सांगून झाल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग मांडीवर बोटांनी मोजायला लागले. पंधरापर्यंत नुसती बोटं, सोळाव्याला टाळी. "परत," ते म्हणाले, आणि पखवाज माझ्याकडे सरकवला.