कॅस्केडचा वास बाटलीत टिकवताना: पेल एल, बॅच दुसरी

कॅस्केड ही हॉपची एक जात, आणि हॉप म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारं वेलीवरचं बोंड. त्या हॉपची पेल एल ही बिअर मी घरी करतो. जूनमधली पहिली बॅच मी कुठेच लिहून ठेवली नव्हती. ती बिघडल्यावर नक्की कुठे चुकलं हे शोधताना फार त्रास झाला. म्हणून या वेळी पहिल्या दिवसापासून वही घातली आहे. खालचं सगळं त्या वहीतलं.

आधी पहिल्या बॅचचं काय झालं ते सांगतो. बाटल्या भरून दोन आठवडे झाले तेव्हा बिअर सुरेख होती. ग्लास नाकाशी नेला की ग्रेपफ्रूट सोलल्यासारखा वास यायचा. पाचव्या आठवड्यात त्याच बॅचची बाटली उघडली तर रंग कोऱ्या चहासारखा तांबूस, आणि वास ओल्या पुठ्ठ्याचा, मागे थोडा मधाचा. कडूपणा जागेवर होता, वास मात्र गेला होता. कारण ऑक्सिजन. बाटल्या भरायच्या दिवशी सायफनची नळी मी बादलीच्या काठावरूनच सोडली होती, त्यामुळे बिअर धबधबा पडत होती. त्यात साखरेचा पाक नीट मिसळावा म्हणून मी ती चांगली ढवळली. नंतर भर जुलैत बाटल्या गॅरेजमध्ये ठेवल्या. हॉप्स जितके जास्त, तितकी बिअर हवेला आणि उष्णतेला नाजूक, हे मी वाचलं होतं, पण हाताला कळलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या बॅचला किट तेच घेतलं, पाणी तेच, यीस्टही तेच. बदलायच्या गोष्टी दोनच: हॉप्स कधी टाकायचे, आणि शेवटी हवा कशी बाहेर ठेवायची.

किट पाच गॅलनचं, म्हणजे साधारण १९ लिटरचं. त्यात २.७ किलो लिक्विड माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या धान्याचा दाट गोड अर्क), ४५० ग्रॅम कोरडं एक्स्ट्रॅक्ट, पाव किलोच्या आतबाहेर भरडलेलं क्रिस्टल माल्ट, सेंटेनियल या दुसऱ्या हॉपची २८ ग्रॅमची एक पुडी, कॅस्केडच्या तीन पुड्या आणि सेफएल यूएस-०५ यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं पाकीट. कॅस्केडची चौथी पुडी मी वेगळी विकत घेतली.

कॅस्केडबद्दल लिहायलाच हवं, कारण मी राहतो पोर्टलंडला, आणि हा हॉप इथून दीडेक तासावरच्या कॉर्व्हॅलिसमध्ये तयार झाला. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हॉप-पैदाशीचा कार्यक्रम तिथल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात चालायचा. इंग्लंडचा फगल आणि रशियाचा सेरेब्रियांका यांचं रक्त त्यात आहे. १९७२ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. पुढे चिको गावात घरगुती ब्रूइंगच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी सिएरा नेवाडा ब्रूअरी काढली आणि १९८० मध्ये कॅस्केडवर बेतलेली पेल एल केली. आपण आज ज्याला अमेरिकन पेल एल म्हणतो, त्या चवीची ओळख बहुतेकांना तिथूनच झाली. माझ्या पाकिटातलं यीस्टही, ज्याला लोक चिको यीस्ट म्हणतात, त्याच कुळातलं. घरी बिअर करायची कायदेशीर मुभाही इथे तेव्हा नवीच होती: जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीत कायदा लागू झाला. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, फक्त स्वतःसाठी, विक्री नाही. (महाराष्ट्रातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं, तिकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हे करता येत नाही.)

सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही दोघं विलॅमेट खोऱ्यात हॉप्सची काढणी बघायला गेलो होतो. तारांवरून सोडलेल्या दोऱ्यांवर पाच-साडेपाच मीटर उंच चढलेले वेल, मध्ये सावलीच्या गल्ल्या. मला आमच्याकडचा पानमळा आठवला. शेतावरच्या माणसाने एक बोंड हातात दिलं. ते उभं फाडलं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीजर्द पूड दिसते, हळदीपेक्षा जरा उजळ. बोटाला चिकटते आणि साबणाने धुतली तरी तासभर वास जात नाही. हेच ल्युप्युलिन. कडूपणा देणारी आम्लं त्यातच आणि वासाची तेलंही त्यातच. बायको कणकवलीची. तिने बोटं हुंगली आणि म्हणाली, "अरे, हे तर पपनस! माटवीला बांधतो ते." (माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची चौकट.) तेव्हापासून आमच्या घरात कॅस्केडला पपनसच म्हणतात.

ब्रूचा दिवस, ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. पोर्टलंडचं पाणी मऊ आहे, पण त्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरामाइन असतं आणि ते नुसतं उकळून सहज जात नाही. माल्टशी आणि यीस्टशी गाठ पडली की त्याचा औषधी, बँड-एडसारखा वास येतो. म्हणून सगळ्या पाण्याला मिळून कॅम्पडेनची, म्हणजे क्लोरामाइन घालवणाऱ्या गोळीची, पाव गोळी कुटून टाकली. वीस गॅलनला एक गोळी पुरते.

माझं पातेलं वीस लिटरचं, त्यामुळे सगळं वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची आंबून बिअर होते) एकदम उकळता येत नाही. अकरा लिटर पाणी ६८ अंशांवर आणून क्रिस्टल माल्ट कापडी पिशवीत बांधून अर्धा तास भिजवलं. पिशवी पिळायची नाही, निथळू द्यायची. मग कोरडं एक्स्ट्रॅक्ट घालून आधण आणलं. लिक्विड एक्स्ट्रॅक्ट मुद्दाम मागे ठेवलं. ते काकवीसारखं दाट असतं. सुरुवातीलाच घालून तासभर उकळलं तर रंग गडद होतो, आणि बुडाला बसून करपलं तर ती चव कशानेही जात नाही.

पहिली पुडी सेंटेनियलची, ६० मिनिटं उकळायला. गोळीच्या आकाराचे हॉप्स पडले की वर्ट एकदम फसफसून वर येतं. जूनमध्ये ते दुधासारखं उतू जाऊन शेगडीभर झालं होतं. या वेळी आच आधीच कमी केली, थंड पाण्याची फवारणीची बाटली हाताशी ठेवली आणि दहा मिनिटं तिथून हललो नाही. तो पहिला फेस बसला की मग धोका नाही.

हॉप्स किती वेळ उकळतात यावर सगळं अवलंबून आहे. तासभर उकळले की अल्फा आम्लांचं रूप बदलून ती पाण्यात विरघळणारी, कडू होतात, पण वासाची तेलं वाफेबरोबर निघून जातात. आच बंद केल्यावर टाकले तर वास राहतो आणि कडूपणा थोडाच येतो. कोथिंबीर आमटी उतरवल्यावर टाकतो, फोडणीत नाही, तसंच. किटच्या कागदावर कॅस्केडची एक पुडी शेवटची १५ मिनिटं आणि एक आच बंद करताना, असं होतं. मी दोन्ही मागे सरकवल्या. आच बंद केली, लिक्विड एक्स्ट्रॅक्टचा डबा गरम पाण्यात ठेवून पातळ केला होता तो सगळा ओतला, बुडापासून ढवळला, पुन्हा पाच मिनिटं उकळी आणली. मग पातेलं बर्फाच्या सिंकमध्ये ठेवून ७८ अंशांवर आणलं आणि तेव्हा दोन्ही पुड्या एकदम टाकल्या. झाकण ठेवून वीस मिनिटं, अधूनमधून एका दिशेने हलकं ढवळणं. स्वयंपाकघरात असा वास भरला की खिडकी उघडावीशी वाटेना.

थंड करायला अर्धा तास आणि दोन पिशव्या बर्फ लागला. बादली, झाकण, नळी, थर्मामीटर, कात्री, सगळं स्टार सॅन या निर्जंतुक करायच्या द्रावणातून काढलं. यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. आदल्या रात्री उकळून फ्रीजमध्ये ठेवलेलं पाणी घालून साडेएकोणीस लिटर केलं. हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजायचं साधन; साखर जास्त तितका आकडा मोठा) पहिलं माप १.०३८ दाखवलं आणि पोटात गोळा आला. पण एक्स्ट्रॅक्टच्या किटमध्ये हे नेहमीचं आहे: जड वर्ट खाली बसतं, वरून घातलेलं पाणी वर तरंगतं आणि आपण वरचंच माप घेतो. निर्जंतुक चमच्याने पाच मिनिटं जोरात ढवळलं, पुन्हा घेतलं: १.०५२. यीस्ट टाकायच्या आधी हवा मिसळलेली चालते, उलट हवीच असते. यीस्ट वाढायला तिचा उपयोग होतो. त्यानंतर मात्र हवा शत्रू.

वर्ट १८ अंशांवर असताना यीस्ट वरून भुरभुरलं. विरजण लावताना दूध बोटाला किती कोमट लागतं ते बघतो, तितक्याच काळजीने. बादली तळघरात, तिथे १७ अंश.

दिवस १: सकाळी शांत. रात्री एअरलॉकमधून (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) दर चार सेकंदांनी एक बुडबुडा.

दिवस २: बादलीवर चिकटवलेली पट्टी २१ दाखवते, खोली अजून १७. आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, म्हणून खोलीचं तापमान बघून समाधान मानायचं नाही. बादली पाण्याच्या टबात ठेवली, तिच्यावर ओला टी-शर्ट गुंडाळला, टबात गोठवलेल्या पाण्याची एक बाटली. दोन तासांत १९.

दिवस ५: तोटीतून काढलेलं माप १.०१८. म्हणजे आंबणं संपत आलंय, पण यीस्ट अजून जागं आहे. कॅस्केडच्या उरलेल्या दोन्ही पुड्या, ५६ ग्रॅम, आत्ताच टाकल्या. जूनमध्ये सगळं शांत झाल्यावर झाकण उघडून टाकल्या होत्या, आणि त्या उघडझाकीत गेलेली हवा तिथेच राहिली. जागं यीस्ट तो ऑक्सिजन खाऊन टाकतं, आणि वर येणारा कार्बन डायऑक्साइड उरलेली हवा ढकलतो. झाकण दहा-बारा सेकंद उघडं राहिलं असेल. बायकोने धरलं, मी ओतलं.

दिवस ९ आणि दिवस ११: दोन्ही वेळा १.०१२. हे दोनदा तपासणं टाळू नका. कोरड्या हॉप्समधल्या विकरांमुळे न आंबणारी साखर आंबण्याजोगी होते आणि थांबलेली बिअर पुन्हा चालू होऊ शकते. ती बाटलीत चालू झाली तर बाटली फुटते. मापाच्या नळीतली बिअर प्यायलो: सपाट, गढूळ, पण सालीचा वास अगदी टोकदार. लोण्याचा वास, जो आंबण्यातला दोष मानतात, तो कुठेही नाही. हिशेबाने अल्कोहोल सव्वापाच टक्के.

दिवस १२, बाटल्या. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा दिवस. दुसऱ्या बादलीत बिअर काढायचीच नाही असं ठरवलं होतं, म्हणजे तो धबधबा मुळातच नाही. ११० ग्रॅम साखर पाण्यात उकळून बरोबर २४० मिलिलिटर पाक केला. सुईशिवायच्या सिरिंजने प्रत्येक बाटलीत पाच मिलिलिटर. ३५५ मिलिलिटरच्या बाटलीला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास साखर पडते, पेल एलला तेवढी बेताची. मग तोटीला लावलेली भरायची कांडी बाटलीच्या तळाशी टेकवून खालून भरायचं. कांडी काढली की मानेत दोन बोटं जागा उरते. ती मी थोडी आणखी बिअर घालून निम्मी केली, कारण त्या रिकाम्या जागेत हवाच असते. फेस काठाशी आला की त्याच्यावरच बूच ठेवून लगेच दाबायचं. पाक घालायला बायको, भरायला मी, बूच पुन्हा ती. ४६ बाटल्या झाल्या. तळाचा हिरवट साका आणि हॉप्सचा चोथा तसाच सोडला. शेवटच्या दोन बाटल्यांसाठी बादली कलती करायचा मोह झाला होता, केली नाही.

सातव्या दिवशी एक उघडली: गॅस अर्धवट, चव जरा कच्ची. घाई होती हे मान्य.

चौदाव्या दिवशी दुसरी. खोली २१ अंश, आधी दोन दिवस फ्रीजमध्ये उभी ठेवून साका बसू दिला. रंग जुन्या पितळेसारखा, फेस पांढरा आणि दाट, ग्लासच्या कडेला कडी सोडत उतरणारा. पहिला वास पपनसाचा, मग पाइनची काडी मोडल्यासारखा, खाली बिस्किटासारखं माल्ट. कडूपणा माझ्या हिशेबाने पस्तीस आयबीयूच्या (कडूपणाचं एकक) आसपास, घशात अडकत नाही. उशिरा टाकलेल्या दोन पुड्यांमुळे वास जूनच्या बॅचपेक्षा भरलेला आहे. मला मात्र मधल्या चवीत थोडी पोकळी वाटते. पुढच्या वेळी त्यातली अर्धी पुडी पुन्हा दहा मिनिटांवर नेऊन बघणार आहे.

खरी परीक्षा पाचव्या आठवड्याची. त्यासाठी सहा बाटल्या बुचावर तारीख घालून ठेवल्या होत्या, तीन फ्रीजमध्ये, तीन तळघरात. काल दोन्हीकडची एकेक उघडली आणि शेजारी जूनमधली राखून ठेवलेली शेवटची बाटली ओतली. ग्लासांखाली चिठ्ठ्या लावून बायकोला डोळे मिटून हुंगायला दिलं. जूनची तिने एका श्वासात बाजूला सारली. फ्रीजमधली म्हणजे पपनस, तळघरातली म्हणजे मोसंबं, असं तिने सांगितलं आणि पपनसाचा ग्लास स्वतःकडे ओढला. रंगात मला दोघींमध्ये काहीच फरक दिसला नाही. तळघरातला वास जरा बोथट आहे, पण पुठ्ठा नाही, मध नाही.

उरलेल्या चार बाटल्यांपैकी दोन आठव्या आठवड्यात उघडायच्या आहेत. तळघरातल्या बाकी सगळ्या आज फ्रीजमध्ये हलवल्या. त्यासाठी भाज्यांचा एक कप्पा मागून घेतला आहे.