दुसरी शेंग खंयसून इली?

आमच्याकडे दहावीला पेशीविभाजन शिकवायची वेळ येते ती ऐन पावसात. मालवण-आचरा पट्ट्यात तेव्हा कुंपणावर आणि मांडवावर भाज्याच भाज्या असतात. पडवळ, दोडकी, तवशी आणि चवळीच्या लांब शेंगा, ज्यांना आम्ही वाली म्हणतो. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच आहे, आणि पावसात विजेचा भरवसा नाही. फळ्यावरच्या आकृत्या मुलं हुबेहूब उतरवून घेतात. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशी चार वर्तुळं वहीत येतात, पण त्यातलं काही हलत नाही. एका वर्तुळातून दुसऱ्यात जाताना काय घडलं असं विचारलं, की वर्ग गप्प.

म्हणून तीन वर्षांपूर्वी मी मुलांना घरून खायच्या वस्तू आणायला सांगितल्या.

केळीच्या पानावर घावन पसरलं की झाली पेशी. मधोमध ओल्या खोबऱ्याच्या चवाचं गोल कडं, ते केंद्रकावरण. आत मिरीचा एक दाणा, ती केंद्रकी. पूर्वावस्था आली की दाणा उचलायचा आणि कडं बोटाने विस्कटून टाकायचं. तारककेंद्रासाठी लवंगा. दोन लवंगा एकमेकींना काटकोनात ठेवायच्या, कारण प्राणीपेशीत तारककेंद्रं जोडीने असतात तीही अशीच काटकोनात. गुणसूत्रांना पेशीच्या टोकांकडे नेणारे तुर्कतंतू म्हणून शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया. आणि आनुवंशिक माहिती ज्यांत असते त्या धाग्यांसाठी, म्हणजे गुणसूत्रांसाठी वाली, बोटभर लांबीचे तुकडे करून.

चूक झाली ती या वालींच्या बाबतीत. पुस्तकात शब्द आहे ‘अर्धगुणसूत्र जोडी’. मी सरळ शेंग उभी चिरली, दोन फाकी दाखवल्या आणि म्हटलं, ही बघा दोन अर्धगुणसूत्रं, आता एक इकडे ओढा, एक तिकडे. मुलांनी ओढली. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, असा चिरीत रवला तर शेंग संपान जातली.”

बरोबर होतं तिचं. एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि दर वेळी शेंग निम्मी होत गेली, तर दहाव्या विभाजनाला हाती काय उरणार? आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं असतात आणि विभाजनानंतरही दोन्ही पेशींत ४६च असतात. मी घाईने दुसरी अख्खी शेंग उचलली, पहिलीच्या शेजारी ठेवली आणि म्हटलं, हं, अशा दोन समजा. लगेच मागून एक मुलगा म्हणाला, “मगे ही दुसरी शेंग खंयसून इली?”

मला वाटतं, अख्ख्या धड्यातला हाच खरा प्रश्न आहे. घरात आपण जे वाटतो ते वाटल्याने कमी होतं. एक भाकरी दोघांत वाटली की प्रत्येकाला अर्धीच मिळते. पेशी तसं करत नाही. ती आधी दुप्पट करते आणि मग वाटते. आणि दुप्पट करण्याचं काम आकृतीतल्या पहिल्या वर्तुळाच्याही आधी उरकलेलं असतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचं चक्र ढोबळमानाने चोवीस तासांचं धरलं, तर डोळ्यांना दिसणारं विभाजन त्यात जेमतेम तासाभराचं. गुणसूत्रातल्या डीएनएची नक्कल मात्र तासन् तास चालते, आणि ती आपण फळ्यावर काढतच नाही. वर ‘अर्ध’ हा शब्द मुलांची दिशाभूल करतो. जोडीतलं प्रत्येक सूत्र खरं तर पुरं असतं.

घरी आल्यावर वाचत बसले. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंगने सॅलॅमँडर या पालीसारख्या उभयचराच्या अळ्यांच्या पेशी रंगवून गुणसूत्रांचे हे धागे पाहिले आणि १८८२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. धागे उभे दुभंगतात, हे त्याने नोंदवलं होतं. म्हणजे त्यालाही चिरलेली शेंगच दिसली होती. दुसरी शेंग कुठून आली हे कळायला पुढे सत्तरएक वर्षं लागली. १९५३ साली डीएनएची दुहेरी रचना समजली आणि १९५८ साली मेसेल्सन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की दोन धाग्यांची ही जोडी सुटते आणि प्रत्येक जुना धागा आपल्यासमोर नवा धागा उभा करतो. हे वाचताना माझ्या मनात सारखी ती चिरलेली शेंग येत होती. चिरण्यात चूक नव्हती. चिरून मी थांबले, ती चूक होती.

यंदा एक पूर्ण तास फक्त तेवढ्यासाठीच ठेवला. बाजारात हिरव्या वाली मिळतात तशा तांबूसही मिळतात. मुलांनी हिरवी शेंग उभी चिरली. मग प्रत्येक हिरव्या फाकीला एक तांबूस फाक जोडली. एका शेंगेच्या दोन झाल्या, दोन्ही पुऱ्या, दोन्हींत अर्धं जुनं आणि अर्धं नवं. त्या दोघींना मधोमध केळीच्या सोपटाच्या दोरीने एकत्र बांधलं, तो गुणसूत्रबिंदू. एवढं झाल्याशिवाय घावनाला हात लावायचा नाही, असं सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी एका गटाने बांधलेल्या जोड्या घावनावर ओळीत मांडल्या, तेव्हा कोणीही ‘अर्धी’ म्हणालं नाही.

पश्चावस्थेत आणखी एक गोष्ट घडली, जी मी ठरवली नव्हती. लवंगेपासून शेंगेपर्यंत शिरवाळा ताणून ठेवलेला होता. आता शेंग लवंगेकडे न्यायची, तर मधल्या शिरवाळ्याचं करायचं काय? बहुतेक गटांनी तो गोळा करून बाजूला सारला. एका मुलाने मात्र शेंगेच्या टोकाकडून शिरवाळा चिमटीने जरा तोडला, तोंडात टाकला आणि शेंग तेवढीच पुढे सरकवली. मग पुन्हा तोडला, पुन्हा सरकवली. मी सगळ्यांना त्याच्या पानाभोवती बोलावलं. तुर्कतंतू रबरासारखे आखडत नाहीत. ते प्रथिनाच्या बारीक कणांचे बनलेले असतात, गुणसूत्राकडच्या टोकाचे कण सुटत जातात आणि गुणसूत्र त्या आखूड होणाऱ्या टोकाला धरून ध्रुवाकडे, म्हणजे लवंगेकडे सरकतं. फळ्यावर इतक्या वर्षांत मला हे दाखवता आलं नव्हतं.

शेवटी पेशी दुभंगताना घावन उपयोगी पडत नाही, ते फाटतं. त्याला मोदकाची उकड घ्यावी. गोळ्याच्या मधोमध ओला दोरा गुंडाळून दोन्ही टोकं हळू ओढली, की प्राणीपेशीला पडते तशी खाच पडते. वनस्पतीपेशीला ही खाच नाही. तिथे मधून बाहेरच्या दिशेने भिंत बांधली जाते, म्हणून आम्ही घावनाच्या मध्यापासून कडांकडे चव पसरत नेला.

गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या विभाजनाला वेगळा तास लागतो. त्यात मी फक्त एक केळं सोललं. आपल्या खाण्यातल्या बहुतेक केळ्यांत अकरा गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ३३. या विभाजनात तिघांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही आणि केळ बियांऐवजी मुनव्यांनी लावतात. हे मुलांना एका वाक्यात पटलं, कारण मुनवे त्यांनी स्वतः लावलेले असतात.

आणि मग शहाळं. शहाळ्यात मात्र नमुना बनवायची गरजच नाही. कोवळ्या नारळात बीजाचं अन्न तयार होताना केंद्रकं विभागत राहतात, पण मधल्या भिंती पडत नाहीत. पाण्यात केंद्रकं मोकळी तरंगत असतात. पुढे करवंटीच्या बाजूने पेशींच्या भिंती उभ्या राहू लागतात, तेव्हा मलई धरते आणि तिचंच खोबरं होतं. या पाण्यात पेशीविभाजनाला चालना देणारी द्रव्यंही आहेत. १९४१ साली धोत्र्याचे अगदी लहान भ्रूण काचपात्रात वाढवायला नारळाचंच पाणी वापरलं होतं.

हे सांगितलं तेव्हा एक मुलगा काहीच बोलला नाही. त्याचे वडील पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारे आहेत. दुसऱ्या दिवशी भर पावसात तो एकाच माडावरचे, वेगवेगळ्या वयाचे तीन नारळ पिशवीत घेऊन आला आणि माझ्या टेबलावर त्याने ते लहान-मोठ्या वयाच्या क्रमाने मांडले. आम्ही त्याच क्रमाने फोडले. पहिल्यात नुसतं पाणी, दुसऱ्यात चमच्याने निघेल अशी मलई, तिसऱ्यात टणक खोबरं. पहिल्याचं पाणी त्याने एका काचेच्या पेल्यात ओतलं आणि खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. काही दिसणार नाही, हे त्याला माहीत होतं. मग पेला वर्गात फिरला, घोट घोट. तिसऱ्याचं खोबरं शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी खवून दिलं, आणि त्याच्या रसात आदल्या दिवशी उरलेले शिरवाळे संपले.