अनोळखी फॉन्ट कन्व्हर्टर, वाइन आणि बबलरॅप : काम कुठवर आलंय

जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधल्या फाइल युनिकोडमध्ये आणायचं काम ज्यांनी केलंय, त्यांना ही डोकेदुखी माहीत आहे. त्या फाइलमध्ये अक्षरं नसतातच, फॉन्टमधल्या आकारांचे क्रमांक असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या मागून. त्यामुळे प्रत्येक फॉन्टला वेगळा तक्ता लागतो. गावच्या वाचनालयाच्या जुन्या ग्रंथसूचीला लागणारा तक्ता नेमका एका विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये आहे, आणि तो प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून हातोहात फिरत माझ्यापर्यंत आलाय. कोणी लिहिला, वाटेत कोणी हात लावला, कळायला मार्ग नाही. काम मात्र चोख करतो. म्हणून ठरवलं, वापरायचा, पण कोंडून.

मशीनवर उबुंटू 24.04 हे लिनक्स आहे, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन आलंच. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो, की वाइनमध्ये चालवलं म्हणजे आपली फाइल सिस्टिम सुरक्षित. तसं अजिबात नाही. वाइन झेड ड्राइव्ह म्हणून थेट रूट डिरेक्टरी (सगळ्या फाइलींचं मूळ) जोडतं, म्हणजे एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या) किल्ल्या आणि ब्राउझरचं प्रोफाइल प्रोग्रॅमसमोर उघडंच. झेडची लिंक काढून टाकली तरी फरक पडत नाही, कारण आतला कोड लिनक्सचे सिस्टिम कॉल (कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेल्या मागण्या) सरळ करू शकतो. भिंत वाइनच्या बाहेर हवी.

त्या भिंतीसाठी बबलरॅप घेतलं, म्हणजे प्रोग्रॅमला सँडबॉक्समध्ये, कोंडून, चालवणारं साधन. लिनक्सवर अ‍ॅप वाटायच्या फ्लॅटपॅक पद्धतीच्या पोटात हेच असतं. फायरजेल या दुसऱ्या सँडबॉक्सच्या तयार प्रोफाइल सोयीच्या आहेत, पण तो सेटयूआयडी रूट म्हणून, म्हणजे कोणीही चालवला तरी रूट या सर्वाधिकारी युझरच्या हक्काने चालतो, आणि 2022 मध्ये त्याच्याच एका त्रुटीतून साध्या युझरला रूट होता येत होतं. बबलरॅप यूझर नेमस्पेसवर (कर्नलने प्रोग्रॅमला दिलेल्या अधिकारांच्या वेगळ्या विश्वावर) चालतं. शिवाय त्याची सुरुवात रिकाम्या रूट डिरेक्टरीपासून होते: जे बाइंड कराल, म्हणजे बाहेरून जोडाल, तेवढंच आत. काय काय लपवायचं याची यादी कधीच पुरी होत नाही. काय द्यायचं याची होते.

उबुंटू 24.04 वर पहिला अडथळा प्रोग्रॅमना काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या अ‍ॅपआर्मरचा. साध्या प्रोग्रॅमला यूझर नेमस्पेसमध्ये अधिकार मिळू नयेत अशी व्यवस्था तिथे मुळातच आहे, त्यामुळे बबलरॅप यूआयडी मॅप (युझर क्रमांकांची जुळणी) किंवा लूपबॅकच्या (मशीनच्या स्वतःशीच बोलायच्या नेटवर्कच्या) पायरीवर ‘परवानगी नाही’ म्हणून थांबतं. ती अट सिसकंट्रोलने (कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने) सगळ्यांसाठी उठवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो घेऊ नका. अ‍ॅपआर्मरच्या जादा प्रोफाइलमध्ये बबलरॅपसाठी वेगळी प्रोफाइल आहे, तेवढीच चालू करा.

नंतर एक चकवणारी गोष्ट. यूएसआर डिरेक्टरी रीड-ओन्ली बाइंड केली, प्रोग्रॅमचा रस्ता बरोबर दिला, तरी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर डोळ्यांसमोर आहे! सापडत नसतो तो डायनॅमिक लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या लायब्ररी जोडणारा. त्याचा पत्ता लिब64 मधला असतो, आणि आजकाल लिब64 ही यूएसआरमध्ये जाणारी नुसती सिमलिंक (दुसरीकडे बोट दाखवणारी खूण) असते. रिकाम्या रूटमध्ये ती कुठून येणार? बबलरॅपच्या सिमलिंक पर्यायाने बिन, लिब आणि लिब64 आतमध्ये पुन्हा उभ्या कराव्या लागतात. वाइनच्या बाबतीत इटीसीमधली अल्टरनेटिव्ह्ज डिरेक्टरीही द्यावी लागते, कारण वाइनची कमांड तिकडूनच वळसा घेऊन जाते. इटीसीमधली फॉन्ट्स डिरेक्टरीही दिली, म्हणजे फॉन्ट शोधून देणाऱ्या फॉन्टकॉन्फिगला त्याची मांडणी सापडते.

बाकीची मांडणी अशी: होम आणि टेम्प दोन्ही टेम्पएफएसवर (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेवर), वाइनचा प्रीफिक्स (त्याची नकली सी ड्राइव्ह आणि सेटिंग) स्वतंत्र डिरेक्टरीत, एन्व्हायर्नमेंट पूर्ण पुसून हवी तेवढीच व्हेरिएबल परत. आणि दोन डिरेक्टऱ्या, ‘आवक’ नि ‘जावक’. आवक रीड-ओन्ली, जावकमध्ये लिहायची मुभा. तिसरी वाट नाही.

फाइलींच्या भिंती एवढ्यावर उभ्या राहतात. माझा खरा वेळ गेला तो सॉकेटपाशी (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात त्या जोडण्यांपाशी), आणि सँडबॉक्स फुटतात तेही बहुतेक तिथेच असं माझं ठाम मत झालंय. एक्स11 मध्ये (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेत) कुठलाही प्रोग्रॅम शेजारच्या खिडकीत दाबलेली बटणं वाचू शकतो. म्हणून कन्व्हर्टरला झेफरचा (खिडकीत चालणाऱ्या दुसऱ्या एक्स सर्व्हरचा) वेगळा डिस्प्ले दिला आणि टेम्पमधल्या एक्सच्या सॉकेटपैकी फक्त त्याचा एक सॉकेट बाइंड केला. पण एक्स सर्व्हर फाइलच्या सॉकेटबरोबर फाइल नसलेल्या अ‍ॅबस्ट्रॅक्ट सॉकेटवरही ऐकत असू शकतो, आणि त्याला फाइल सिस्टिमच्या भिंती लागू नाहीत. तो नेटवर्क नेमस्पेसला बांधलेला असतो. म्हणजे नेट चालू ठेवून नुसती सॉकेटची फाइल लपवली, तर मूळ डिस्प्लेकडे जायचा रस्ता उघडाच राहतो. सगळी नेमस्पेस तोडणारा पर्याय दिला की तोही बंद.

टर्मिनलचंही तसंच. आतला प्रोग्रॅम टीआयओसीएसटीआय नावाच्या आयऑक्टलने (उपकरणाला सूचना देणाऱ्या सिस्टिम कॉलने) तुमच्याच टर्मिनलच्या इनपुटमध्ये अक्षरं ढकलू शकतो, आणि बाहेरचा शेल ती कमांड म्हणून चालवतो. 2017 मध्ये बबलरॅपबाबत हे नोंदवलं गेलं. लिनक्स 6.2 पासून कर्नलमध्ये हा आयऑक्टल बंद करायची सोय आहे, पण मी नवं सेशन उघडणारा पर्याय कायम देतो. सोबत ‘डाय विथ पेरेंट’, म्हणजे बाहेरचं मारलं की आतलंही मरतं.

एवढं झाल्यावर एसट्रेस (प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावून बाहेरून पाहिलं. कन्व्हर्टर सुरू होताच कुठलं तरी होस्टनेम शोधायला निघतो. आत रिझॉल्व्ह कॉन्फ (नाव कुठल्या सर्व्हरला विचारायचं ते सांगणारी फाइल) नाही, त्यामुळे ग्लिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी 127.0.0.1 च्या, म्हणजे स्वतःच्याच पत्त्याच्या, 53 पोर्टवर विचारते, तिथे कोणी नाही, कनेक्शन नाकारलं जातं. प्रोग्रॅम काही न बोलता पुढे जातो आणि रूपांतर व्यवस्थित करतो. अपडेट तपासत असेल, नाहीतर आणखी काही. जोडाक्षरं फिरवायला इंटरनेट लागत नाही, एवढं सिद्ध झालं.

जावकमधून फाइल उचलतानाही दक्ष राहायला हवं. आतला प्रोग्रॅम तिथे सिमलिंक टाकू शकतो, जी आत कुठेच जात नाही पण बाहेर माझ्या खऱ्या होममधल्या फाइलकडे बोट दाखवते. त्यामुळे फाइंड कमांडने फक्त साध्या फाइल निवडतो, तेही निव्वळ टेक्स्ट. वर्डचं आउटपुट घेतच नाही. मेमरीवर बबलरॅपचा लगाम नसतो, म्हणून सगळं सिस्टिमडी-रनच्या स्कोपमध्ये (मर्यादा लावता येणाऱ्या गटात) दोन जीबीच्या मर्यादेत चालतं.

कर्नल मात्र आतल्या नि बाहेरच्या दोघांचा एकच. कर्नलमधली त्रुटी वापरणाऱ्या कोडला हे अडवणार नाही. जाणूनबुजून मालवेअर तपासायचं असेल तर व्हर्च्युअल मशीनच घ्या.

आता सेककॉम्प फिल्टर, म्हणजे कुठले सिस्टिम कॉल चालू द्यायचे त्याची चाळणी, बाकी आहे. प्रोग्रॅम 32 बिटचा आहे. वाइनच्या नव्या वॉव64 पद्धतीत (32 बिटचे प्रोग्रॅम 64 बिटच्या वाइनमध्येच चालवायच्या) लिनक्सकडे जाणारे कॉल 64 बिटचेच असतात, पण आतला कोड 32 बिटच्या जुन्या दारानेही थेट कर्नलमध्ये शिरू शकतो. म्हणजे फिल्टरमध्ये आय386 (32 बिटची) ही आर्किटेक्चर स्वतंत्रपणे नाकारायला हवी. त्यासाठी आधी नव्या वाइनवर जातोय. कोणी वॉव64 वर असा फिल्टर चालवत असेल तर कुठले कॉल सोडावे लागले ते जरूर कळवा. माझी यादी झाली की मीही टाकतो.