पुस्तक स्वतः काढताय? आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा

पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठेत डीटीपी (संगणकावर अक्षरजुळणी) करून घेतलेलं जुनं मराठी पुस्तक बहुधा श्रीलिपी किंवा तशाच फॉन्टमध्ये असतं. ऑफसेटला (एकगठ्ठा छपाईला) त्याने काही बिघडत नाही, छापखान्याला पीडीएफ पुरते. ई-बुकला मात्र तो मजकूर चालत नाही. या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट बदलला की पानभर निरर्थक चिन्हं उरतात. आणि ॲमेझॉनच्या किंडलवर वाचक फॉन्ट बदलणारच, शब्दही शोधणार.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं. कन्व्हर्टरने (फॉन्ट बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरने) मजकूर युनिकोडमध्ये येतो, पण त्यानंतर पुन्हा एकदा पूर्ण मुद्रितशोधन हवंच. त्याचे पैसे वाचवू नका. रफार पुढच्यामागच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी भलतीकडे चिकटते, 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. ही शेवटची चूक स्पेलचेकरला सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले शब्द एकेक करून बघा. फाइलची भाषा मराठी अशी नोंदवा, नाहीतर काही फॉन्ट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवतात.

वर्डमध्ये प्रकरणांच्या नावांना 'हेडिंग १' द्या, म्हणजे ई-बुकची अनुक्रमणिका आपोआप तयार होते. हाताने घातलेले पृष्ठक्रमांक काढून टाका.

छापील प्रतींसाठी मागणीनुसार, म्हणजे ऑर्डर येईल तशा प्रती छापणाऱ्या पोथी डॉट कॉम, नोशन प्रेस अशा सेवा आहेत. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा (फाइलमध्येच समाविष्ट करा), मुखपृष्ठाला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) ठेवा. पृष्ठसंख्या पक्की झाल्याशिवाय मुखपृष्ठ अंतिम करू नका. स्पाइनची (पुस्तकाच्या कण्याची) जाडी पृष्ठांवर आणि कागदावर ठरते. २०० पृष्ठांना ती साधारण १० ते १२ मिमी भरते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन राय एजन्सीकडून मोफत मिळतो. छापील आवृत्तीला आणि ई-बुकला वेगवेगळा घ्यावा. किंडलला तो सक्तीचा नाही. भारतातल्या किंडल विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर 'केडीपी सिलेक्ट' (ॲमेझॉनची, ई-बुक फक्त किंडलवरच विकायची योजना) घ्यावं लागतं. मग ९० दिवस तेच ई-बुक गूगल प्लेवर ठेवता येत नाही, आणि मुदत आपोआप वाढते, तेव्हा नको असेल तर आपोआप नूतनीकरणाची खूण वेळेत काढा.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत पुस्तक ठेवायचं असेल, तर मागणीनुसार छपाईचा हिशेब जुळत नाही. एकेका प्रतीचा खर्चच इतका येतो की विक्रेत्याचं कमिशन दिल्यावर हातात फारसं काही राहत नाही. त्यासाठी ५०० प्रती ऑफसेटवरच काढा.