आजीव वर्गणीचं गाठोडं वेगळं बांधलं

नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये 1926 पासून टपाल तिकिटं छापली जातात. प्रेसमधून निवृत्त झालेले काही काका आमच्या तिकीट-नाणी संग्राहक मंडळात नियमित येतात. मागच्या वार्षिक सभेत खजिनदारपद माझ्याकडे आलं.

आधीच्या काकांनी कापडी पिशवीत सगळं दप्तर दिलं. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती सुतळीने बांधलेल्या, प्रत्येक गठ्ठ्यावर निळ्या शाईत वर्ष. त्यामुळे माझं निम्मं काम सोपं झालं.

बँकेत सह्या बदलायला नुसता सभेचा ठराव चालला नाही. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो, त्याची पोच मागितली. ती मिळेपर्यंत जुन्या सह्यांवर काम चालवलं.

खरा प्रश्न शिलकीचा होता. पासबुकात रक्कम भरघोस दिसायची, म्हणून यंदा प्रदर्शनाला मोठा हॉल घ्या असा आग्रह सुरू झाला. मी स्थळप्रती घेऊन बसलो आणि जमा वेगवेगळी केली: वार्षिक वर्गणी, नाणी विकणाऱ्यांचं टेबलभाडं, आजीव वर्गणी. शिलकीतला मोठा वाटा आजीव वर्गणीचाच निघाला. पंचविशीतला मुलगा आज एकरकमी पैसे भरतो, त्याला पुढची चाळीस वर्षं मासिक बैठकीची जागा आणि पत्रक द्यायचंय. ते पैसे एका हॉलवर उडवणं मला अजिबात पटलं नाही. सभेत तसं स्पष्ट सांगितलं. थोडी वादावादी झाली, पण ठराव मंजूर झाला: आजीव वर्गणी कायम निधीत, मुद्दल मुदत ठेवीत, खर्चाला फक्त व्याज.

टेबलभाडं वाढवायचं तर सीएंनी वेगळीच गोष्ट दाखवली. लोकोपयोगी उद्देशाखाली करसवलत घेणाऱ्या संस्थेची व्यावसायिक जमा एकूण जमेच्या 20 टक्क्यांच्या आत राहावी लागते. मग भाडं वाढवण्याऐवजी वार्षिक वर्गणीच थोडी वाढवली. कुणी कुरकुर केली नाही.

31 मार्चला हिशेब बंद केले की सहा महिन्यांत ऑडिट होऊन अहवाल धर्मादाय कार्यालयात जायला हवा. आमचा वेळेत गेला. ताळेबंदात आता कायम निधी स्वतंत्र ओळीत दिसतो, आणि प्रदर्शन नेहमीच्याच हॉलमध्ये होणार आहे.