गुजरीतला साज आणि दोन सेन्सर

कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, म्हणजे गुजरीतल्या, एका सराफी पेढीचं काम होतं. कॅटलॉगसाठी चाळीस दागिने, आणि नव्या दालनाच्या भिंतीसाठी कोल्हापुरी साजाचा एकच फोटो, सहा फूट रुंद. भिंतीचं ऐकलं आणि मी मीडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, भाड्यानं आणला. 43.8 × 32.9 मिमीचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), 100 मेगापिक्सेल. माझा रोजचा कॅमेरा लहान सेन्सरचा, मायक्रो फोर थर्ड्स: 17.3 × 13 मिमी, 20 मेगापिक्सेल. तो बॅगेत नुसता सोबतीला.

दुकान उघडायच्या आत आटपायचं होतं. माळ्यावर टेबल मांडलं, मखमली मानेच्या स्टँडवर साज चढवला. मानेच्या वळणाबरोबर साजाची पदकं मागं मागं जातात. एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान आणि डेप्थ, म्हणजे फोकसमधली खोली, जास्त. एफ 11 ला समोरच्या पदकाची रवेदार कड लख्ख, पण मानेकडचे जवमणी म्हणजे नुसते पिवळे ठिपके. एफ 20 केलं. सगळं फोकसमध्ये आलं, पण डिफ्रॅक्शननं, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यानं, धार गेली. म्हणून छोट्या कॅमेऱ्यावर एफ 8 ला तीच फ्रेम घेतली आणि दोन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी लावले. जवळजवळ सारखेच! हिशोब सरळ आहे: तेवढीच डेप्थ हवी तर मोठ्या सेन्सरला एफ 20 वर जावं लागतं, आणि तिथं जास्तीचे पिक्सेल धूसरपणाच टिपत बसतात. शिवाय प्रकाश सहापट लागतो. फ्लॅश पूर्ण ताकदीवर धापा टाकत होते.

फोकस सरकवत बारा फ्रेम घेऊन जोडायचं ठरवलं. पण इमारत जुनी, माळा लाकडी. कुणी जिना चढलं की मोत्याएवढा मणीसुद्धा थरथरायचा. तीनदा केलं, तिन्ही वेळा कडा दुहेरी आल्या. भाडं वाया गेलं, या विचारानं पोटात गोळा आला.

कोपऱ्यात बसलेले कारागीर काका इतका वेळ बघत होते. म्हणाले, "मानंवर कशाला घालताय वो? आमी साज बघतो ते आडवा टाकून. तवाच एकेक पान दिसतंय."

काळी मखमल अंथरली, साज गोलाकार मांडला, कॅमेरा वरून टेबलाला बरोबर समांतर बांधला. आता सगळी पदकं एका पातळीत. लाख भरून फुगवलेल्या पानांची उंची काही मिलिमीटरच, ती एफ 8 ला सहज मावली. जिना थोडा वेळ बंद ठेवायला सांगितलं आणि एकाच फ्रेममध्ये काम झालं. 11648 पिक्सेल रुंदी, म्हणजे सहा फुटांवर इंचाला 160 च्या वर. छोट्या कॅमेऱ्यावर ते 72 भरले असते. भिंतीजवळ जाऊन बघणाऱ्या गिऱ्हाइकाला हा फरक नक्की दिसतो.

काकांनी स्क्रीनवर एका डाक दिलेल्या सांध्यावर बोट ठेवलं. "ही झाळ बघा. जुन्या हाताची हाय."

कॅटलॉगचे दागिने मी छोट्या कॅमेऱ्यावरच केले, मानेवर घालून, एफ 8 ला. शेवटची ठुशी उतरवली तेव्हा खाली शटर वर जात होतं.