आठ दिवस, दोन गावं आणि संगमावरची छत्री

११ जुलै

रात्री जेवणं झाल्यावर हे एकदम म्हणाले, "आपण दोघंच असे कुठं गेलोय का गं कधी?"

मी आठवत बसले. लग्नानंतर महाबळेश्वर, पण तेव्हा नणंद आणि तिचे यजमान बरोबर होते. पुढं अष्टविनायक, तिरुपती, लेकीच्या बारावीनंतर केरळ. सगळीकडं माणसं होती, डबे होते, कुणाची तरी औषधं होती. एकतीस वर्षांत दोघंच अशी एकही खेप नाही. बांधकाम खात्यातून हे मे अखेरीला निवृत्त झाले. तेव्हापासून रोज सकाळी सवयीनं सव्वानवाला बूट घालतात आणि मग अंगणात फेऱ्या मारतात. ते बघून माझ्या पोटात कालवतं.

"रोम बघायचंय मला," ते म्हणाले. "दोन हजार वर्षांपूर्वीचं काँक्रीट अजून उभं आहे म्हणतात. एकदा हात लावून बघायचंय."

चौतीस वर्षं रस्ते, मोऱ्या आणि पूल बांधणाऱ्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. मी लगेच हो म्हटलं. पैशाचं काय, आईंचं काय, हे सगळं नंतर सुचलं.

१९ जुलै

आईंचं असं ठरलं की आम्ही नसताना इचलकरंजीहून धाकट्या जाऊबाई येऊन राहतील. पण त्यांचंही घर आहे. त्यामुळं आठ-नऊ दिवसांपेक्षा जास्त नाही, हे पहिल्या दिवशीच पक्कं झालं. आई चौऱ्याऐंशीच्या आहेत. मलाही त्याहून जास्त दिवस त्यांना सोडून राहवणार नाही.

एका पर्यटन कंपनीचं माहितीपत्रक आणलं होतं. अकरा दिवसांत सात देश. फोटो सुंदर होते. यांनी पेन्सिल घेतली आणि समासात प्रत्येक दिवसाचे बसचे तास लिहायला सुरुवात केली. साईटवर हजेरी मांडायचे तशीच ही बेरीज मांडली. जागेपणीचा जवळजवळ निम्मा वेळ बसमध्ये जात होता. एका गावात तर फक्त "फोटोसाठी थांबा" असं लिहिलं होतं. कुणाला ती सहल आवडत असेल तर मी काही म्हणणार नाही, एकट्यानं परदेशात फिरायची भीती मलाही वाटते. पण पहिल्यांदाच दोघं निघतोय तर घड्याळाकडं बघत फिरायचं नाही, एवढं आमचं एकमत झालं.

पुण्याहून लेकीनं यादी पाठवली. पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. विमानाचे दोन दिवस वजा केले तर हातात उरतात सात. पाच गावं म्हणजे चार वेळा बॅगा भरायच्या आणि चार वेळा नवं हॉटेल शोधायचं. पॅरिस खोडलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. आयफेल टॉवरचं चित्र शाळेच्या वहीवर होतं माझ्या. यांनी विचारलं, "ठेवायचं का?" मी नको म्हटलं. एकच देश घ्यायचा आणि तो नीट बघायचा.

२६ जुलै

आज जे घडलं ते सविस्तर लिहून ठेवते.

मी इथं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तीन वर्षं शिकले. ज्यांच्या नावाचं कॉलेज, ते राजाराम महाराज म्हणजे शाहू महाराजांचे चिरंजीव असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. पण कॉलेज १८८० सालचं आणि शाहू महाराजांचे राजाराम जन्मले १८९७ साली. म्हणजे हे राजाराम वेगळे. १८६६ साली गादीवर आलेले, १८७० साली विलायतेला गेलेले, तिथं व्हिक्टोरिया राणीला भेटलेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारलेले. वय अवघं वीस.

हे मला अर्धवट माहीत होतं. आज फ्लॉरेन्सचा नकाशा बघताना शहराच्या पश्चिम टोकाला, काशिने नावाच्या मोठ्या बागेच्या शेवटी, लेकीनं बोट ठेवलं. "आई, हे काय आहे बघ. इंडियानो." तिथं महाराजांची छत्री आहे! चार खांब, वर आपल्या धाटणीचा घुमट, आणि खाली रंगवलेला अर्धपुतळा. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं घडवला, आणि छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. म्हणजे आपल्या न्यू पॅलेसचा आराखडा ज्यांनी केला तेच! यांनी न्यू पॅलेसच्या समोरून हजार वेळा स्कूटर नेली असेल. ते चष्मा काढून बराच वेळ नुसते बसून राहिले.

छत्री उभी राहिली १८७४ साली. पण ती त्याच जागी का, हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तिथं आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते. महाराजांबरोबरच्या माणसांनी परक्या मुलखात संगम शोधला होता. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि चिता रचून दहन करणं तिथल्या लोकांनी कधी पाहिलेलं नव्हतं. तरीही नगरपालिकेनं परवानगी दिली. आपल्याकडं प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते. पंचगंगेच्या घाटावर समाधी-मंदिरांशी खेळत आम्ही लहानाचे मोठे झालो. त्या माणसांनाही तेव्हा हाच घाट आठवला असेल का?

महाराज प्रवासात रोजनिशी लिहीत होते, इंग्रजीतून. त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्टनं ती १८७२ साली छापून आणली. विसाव्या वर्षी घरापासून इतक्या लांब जाऊन रोज रात्री आजचा दिवस लिहून काढणारा मुलगा. मीही गेली सव्वीस वर्षं रोज रात्री हेच करते आहे. एरवी मला राजघराण्याशी जवळीक वाटायचं काही कारण नाही, पण आज वाटली.

छत्रीजवळ आर्नोवर १९७८ साली बांधलेला मोठा पूल आहे. त्याचंही नाव छत्रीवरूनच पडलं, "त्या भारतीयाचा पूल". केबलनं तोललेला आहे म्हणताच यांचे डोळे चमकले.

२ ऑगस्ट

तारखा ठरल्या. आधी दिवाळीच्या आसपास बघत होतो. हेच म्हणाले, "३० नोव्हेंबरलाच तिथं असलो तर?" कॅलेंडर काढलं. यंदा ३० नोव्हेंबर सोमवारी येतो. सोमवारी उफिझी हे चित्रांचं संग्रहालय बंद, डेव्हिडचा पुतळा असलेली अकादमियाही बंद. म्हणजे त्या दिवशी दुसरं काही बुडत नाही, सगळी सकाळ छत्रीसाठी मोकळी. मी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले.

नोव्हेंबर तिकडं पावसाचा. दिवसही लहान, पावणेपाचच्या आत सूर्य मावळलेला असतो. पण गर्दी कमी आणि हॉटेलं स्वस्त. मग असं मांडलं: २४ च्या रात्री मुंबईहून निघायचं, २५ ला रोम. तीन रात्री तिथं. शनिवारी २८ ला गाडीनं फ्लॉरेन्स, वेगवान गाडीला दीड तास लागतो. तिथं तीन रात्री. १ डिसेंबरला परत रोम आणि २ ला विमान. व्हेनिस लेकीनं पुन्हा एकदा पुढं केलं, "आई, फक्त दोन-सव्वादोन तासांवर आहे." आम्ही दोघंही एकदमच नको म्हणालो आणि एकमेकांकडं बघून हसलो.

रोममध्ये यांचा हट्ट एकच, पँथिऑन या जुन्या रोमन देवळात दोनदा जायचं. एकदा सकाळी, एकदा पाऊस पडत असताना. घुमटाच्या माथ्याला नऊ मीटरचं उघडं भोक आहे, पाऊस सरळ आत पडतो. फरशीला उतार आणि छिद्रं आहेत, पाणी निघून जातं. घुमट ४३.३ मीटर रुंद, आणि आत लोखंडाची एकही सळई नाही. खाली जड दगडाचं काँक्रीट आणि वर वर जाताना हलक्या सच्छिद्र दगडाचं. हे समजावून सांगताना यांनी माझ्या पोळपाटावर कणकेचा घुमट करून दाखवला. पोळ्या उशिरा झाल्या, पण किती तरी वर्षांनी त्यांचा आवाज असा ऐकला.

१६ ऑगस्ट

फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. माझा उजवा गुडघा कुरकुरतो. मी म्हटलं, तुम्ही जा, मी खाली चौकात बसेन. हे म्हणाले, गेलो तर दोघं, नाहीतर राहू दे. तेव्हापासून रोज रंकाळ्याला फेरी आणि रविवारी जोतिबाच्या पायऱ्या. आज अर्ध्यात दोनदा बसले. यांनी घाई केली नाही. शेजारी बसून ब्रुनेलेस्कीनं तो घुमट खालून लाकडी आधार न देता कसा पेलला, ते सांगत राहिले. १४३६ साली पुरा झालेला घुमट. मला अर्धंच कळलं, पण ऐकत राहिले.

६ सप्टेंबर

कागदांचा महिना.

इटलीतच सगळे दिवस, म्हणून व्हिसा इटलीकडंच मागायचा. माणशी ९० युरो फी, आणि युरो आता शंभर रुपयांच्या पुढं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. सहा महिन्यांचं बँकेचं पान न् पान शिक्का मारून, तीन वर्षांचे इन्कम टॅक्सचे कागद, यांचा पेन्शनचा आदेश, राहण्याची आणि विमानाची बुकिंगं. बँकेच्या उताऱ्यावर माझं नाव माहेरच्या आडनावानं निघालं. एकतीस वर्षांत ते बदललंच नव्हतं, आणि मलाही कधी लक्षात आलं नाही. चार हेलपाटे झाले. शेवटी काउंटरवरच्या एका मुलीनं स्वतः उठून साहेबांकडून पत्र करून आणलं. तिचं भलं होवो.

विम्याच्या पहिल्या कागदावर शेवटचे दोन दिवस सुटले होते, ते यांच्या नजरेनं पकडलं. कामाची बिलं तपासून तपासून बसलेली नजर ती.

अर्जाबरोबर एक पत्र द्यायचं असतं, का जाताय, कुठं राहणार, खर्च कुणाचा. ते मी लिहिलं. सगळी माहिती झाल्यावर शेवटी एक ओळ घातली: "आमच्या गावच्या राजाचं स्मारक फ्लॉरेन्समध्ये आहे, त्याच्या स्मृतिदिनी तिथं जायची इच्छा आहे." लेक म्हणाली, आई, याची गरज नाही. हे म्हणाले, राहू दे.

२० सप्टेंबर

घरात गौरी-गणपतीची धामधूम. परवा गौरी जेवल्या. लाडू बघून मनात आलं की थोडे बरोबर न्यावेत, पण युरोपात बाहेरून दुधातुपाचं आणि मांसाचं काही नेऊ देत नाहीत. पेढेही नाहीत. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी न्यायची.

आईंना वाटत होतं अंबाबाईच्या दारची चिमूटभर माती महाराजांसाठी द्यावी. पण तिकडं बाहेरून आणलेली मातीही चालत नाही. इथली फुलंही न्यायला नकोत, त्यांनाही वेगळा दाखला लागतो. हे त्यांना सांगताना मला जड गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, वाती वळत राहिल्या. फुलं तिथंच घ्यायची असं ठरलं.

३० सप्टेंबर, महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये

काल रात्री कोल्हापूरहून निघालो, आज मुंबईत बोटांचे ठसे आणि फोटो देऊन, कागद देऊन पुन्हा त्याच गाडीत. समोरच्या बाकावर हे झोपले आहेत, छातीवर नकाशाची घडी. व्हिसा केंद्राच्या खिडकीवरच्या मुलीनं सगळे कागद मोजले, सही घेतली, दोन आठवडे लागतील म्हणाली. माझ्या पत्राकडं तिनं बघितलंही नाही, तिचं ते कामही नव्हतं.

या तारखेवरून घरात थोडं झालं. पितृपंधरवड्यात कशाला नवं काम, असं नणंद फोनवर म्हणाल्या. मलाही जरा धाकधूक होती. निघताना मी आईंच्या पाया पडायला वाकले आणि विचारलं, आई, म्हाळाचे दिवस आहेत, चालेल ना?

त्यांनी माझा हात धरून ठेवला. म्हणाल्या, "म्हाळातच जावा की. त्या पोराला तिथं कोण हाय? फुलं घाला, आन् नाव घिऊन सांगा, कोल्हापुरास्नं आलोय म्हणून."